सोळा पापुद्रे

दाराशेजारी किल्लीची लोखंडी डबी,
तिचे चार आकडे अख्ख्या गल्लीला पाठ.
पहिली त्रुटी मी उंबऱ्यावरच टिपली.

आत जुन्या कोळशाचा वास, त्यावर साबणाचा.
फ्रिजवर निळी फाइल, दोरीला बांधलेलं पेन.
इथेल प्रिचर्ड, वय अठ्ठ्याऐंशी,
डावा हात लुळा, गिळायला त्रास.
सकाळी पंधरा मिनिटं, दुपारी पंधरा, रात्री पंधरा.
मी तपासनीस. माझ्याकडे एकोणचाळीस प्रश्न
आणि गाडी लावायला दोनच तासांची परवानगी.
चहा मीच केला, दोघांना. फाइल उघडली.

७.३१ आत. ७.४६ बाहेर. तोंड धुतलं, गोळ्या दिल्या, लापशी खाल्ली.
७.३० आत. ७.४५ बाहेर. तोंड धुतलं, गोळ्या दिल्या, लापशी खाल्ली.
महिनाभर हाच माणूस, हीच लापशी.
फक्त मंगळवार-शुक्रवारच्या पानांवर
समासात बारीक, तिरपं अक्षर:
‘कपाचा कान त्यांच्या उजवीकडे. नाहीतर चहा घेत नाहीत, सांगतही नाहीत.’
‘मोजे आधी हीटरवर.’
‘आज एलुनेडला हाका मारत होते. ती गेली असं म्हणू नका.
ती कशी गायची, ते विचारा.’
खाली सही: न्याराद्झो.

समासात काही लिहू नये, असा नियम आहे.
तीन वर्षांपूर्वी मीच तो लिहिला,
चांगल्या हेतूने.

मग फोनच्या नोंदी पडताळल्या.
दारावरच्या चकतीला फोन टेकवला की वेळ सुरू,
पुन्हा टेकवला की बंद.
न्याराद्झो ७.४६ला बाहेर पडते
आणि टेकडीपलीकडच्या घरी ८.२०ला पोचते.
रस्ता बारा मिनिटांचा.
उरलेली बावीस?
असले खड्डे मी पुष्कळ पाहिलेत.
बहुतेकदा खाली काहीतरी पुरलेलं असतं.

‘मधल्या वेळात कुठे जाते ती?’
‘जाते कुठे?’ म्हातारा म्हणाला.
‘दाराशी जाऊन फोन टेकवून येते.
मग बसते.
लापशी तेव्हा खातो मी.’

उजव्या हातानं त्यानं वर छताकडे बोट दाखवलं.
छपरावरच्या पाट्या त्याच्या हातच्या.
खाणीत तो दगड उकलायचा:
चार बोटं जाड शिळा, पातळ छिन्नी,
आणि कान लावून ऐकायचं, दगड कुठे सुटायला राजी आहे ते.
एका शिळेचे सोळा पापुद्रे.
‘सतरावाही निघायचा.
मालकाला सतरावाच हवा असायचा.
निघायचा, सुरेख दिसायचा,
वर चढवला की पहिल्या हिवाळ्यात खाली.’
तो हसला. अर्धाच, कारण अर्धाच चेहरा हसतो त्याचा.

टॅबलेटवर रकाना उघडा.
अनधिकृत थांबणं: नियमभंग, होय किंवा नाही.
होय लिहिलं, तर एजन्सी आधी तिलाच बोलावणार,
तिचा व्हिसा त्यांच्याच खिशात.
नाही लिहिलं, तर सिद्ध झालं
की पंधरा मिनिटांत माणूस उठतो, धुतला जातो, गिळतो.
तिच्या मायेनं ते पंधरा मिनिटांचं खोटं
रोज सकाळी खरं करून ठेवलंय,
फुकट.

मी लिहिलं: एका वाटी लापशीला सदतीस मिनिटं लागतात,
ती कमी धरून काम नेमलं आहे, दोष नेमणुकीचा.
रकान्यानं अर्ध्यावरच अक्षरं घेणं थांबवलं.
पुढचं मी कागदावर लिहिलं. समासातही.

उठले, पर्स घेतली, टेबलाकडे पाहिलं.
माझा कप रिकामा.
त्याचा काठोकाठ, साय धरलेला,
कान डावीकडे.
तो काहीच बोलला नव्हता.