बूड

हिंदवाडीत तिसऱ्या मजल्यावर
सोलरचं गरम पाणी का येईना ते बघायला निघालो होतो,
तेव्हा जिन्यातच पिशवीचं बूड गेलं.
आधी टेफ्लॉनची रिळं घरंगळली,
मग एल्बो, टी, युनियन, हॅकसॉ,
आणि सगळ्यात शेवटी, विचार करून सुटावा तसा,
अठरा इंची पाइप पाना.
दुसऱ्या मजल्यावरच्या फरशीला तडा गेला.
मालकीणबाईंनी तो वितीनं मोजला.
त्या दिवसाची मजुरी त्या तड्यात मुरली.

रात्री सावित्रा म्हणाली, सिमेंटचं पोतं शिवून देऊ?
तिनं शिवलेली दोन संपवली मी आजवर.
पोतं पाणी पितं,
आणि ओलं पोतं लोखंड खातं.
म्हणालो, नको. एकदाच घेतो. बघून घेतो.

रविवार पेठेत ईराप्पाच्या दुकानात
छताला बॅगा उलट्या टांगलेल्या, वटवाघळांसारख्या.
त्यानं काठीनं एक उतरवली: बावीस खिसे, चकाकती चेन.
"गट्टी ऐती," म्हणाला, मग माझ्यासाठी पुन्हा,
"लई घट्ट हाय, भरमाण्णा."
मी चेन ओढली. सोडली. ओढली.
चेन म्हणजे दात.
सफेदा, ताग, बोअरच्या पाण्यातला चुना,
पावसाळ्याच्या आत किडायचे.
आणि बावीस खिसे कुणाला?
मोरीत गळतीखाली उताणा पडलेला माणूस
खिसे मोजत नाही.
हात मागं टाकतो,
आणि हाताला पाना लागावा लागतो.

दुसरी चामड्याची. नाकाला लावली.
निपाणीत हसनसाब मुल्लांची अशीच होती.
चार वर्षं त्यांच्याजवळ मी नुसती बॅटरी धरली.
थंडी सुरू व्हायच्या, गिझरची कामं यायच्या आधी
ते तिला एरंडेल चोळायचे, पोराला चोळावं तसं.
म्हणायचे, बॅग उचलून काय बघतोस,
खाली ठेवून बघ.
चामडं मी परत टांगलं.
तेल चोळायची शिस्त माझ्यात नाही,
खोटं कशाला बोलू.

मग जे केलं ते ईराप्पाला आवडलं नाही.
गाठ मारलेलं पोतं काउंटरवर मोकळं केलं,
गंजासकट, सीलच्या तुकड्यांसकट,
मध्येच सापडलेल्या कुणाच्या तरी केसांच्या पिनेसकट,
आणि सगळं तिसऱ्या बॅगेत भरलं.
जाड मिलिटरी रंगाचं कापड, तोंडाला सळई, बुडाला काळं रबर.
खिळ्यांच्या काट्यावर ठेवली: साडेतेरा किलो.
खांद्याला मारून कोपऱ्यापर्यंत गेलो आणि आलो.
दुकानातला पोरगा माझ्या मागं मागं,
पळतोय की काय म्हणून.
चहाच्या गाड्याखाली बशा धुतलेलं पाणी साचलं होतं.
त्यात ठेवली.
चहा घेतला. सावकाश घेतला.
उचलून आत हात घातला: कोरडं.

"ईराप्पा, पट्ट्याची शिवण एकेरी हाय."
तो चष्मा वर करून बघत राहिला,
जणू त्याच्या लेकीत खोट काढली.
शेवटी अठराशेचे सतराशे झाले,
त्यातले चाळीस बस स्टँडजवळच्या मोच्याला.
पट्ट्यावर दुहेरी टाके मारताना त्याची आरी मोडली.
तो शिव्या देत होता,
आणि मला पहिल्यांदाच बॅग पसंत पडत होती.

पहिल्या दिवशी ती न्हाणीघरात स्वतःच्या पायावर उभी राहिली,
तोंड उघडं ठेवून.
मी मात्र पाना शोधत
तीनदा पोत्याच्या जुन्या कोपऱ्यात हात घातला,
जो आता नव्हता.

रोज संध्याकाळी उंबऱ्याशी
पोत्याखाली एक तांबडं, ओलं कडं उमटायचं.
सावित्रा न बोलता पुसायची.
काल ती फडकं घेऊन आली आणि थांबली.
"आज कामाला गेला न्हवता काय?"
मी बॅग उचलून दाखवली.
ती वाकली, फरशीवरून बोट फिरवलं,
बोटाकडं बघितलं,
आणि तरीही, सवयीनं,
फडकं फिरवून गेली.