पन्हळीखालचं रान

जंगलात पाऊस पडतो आणि जमिनीला मिळत नाही,
एवढंच आमचं काम.
झाडांच्या कमरेला प्लास्टिकचे पत्रे,
पत्र्यांना पन्हळी, पन्हळींचं तोंड चराकडे,
चर ओढ्यात, ओढा नदीत.
नदीला काय, तिला पुष्कळ आहे.

शेजारी तेवढाच तुकडा, मोकळा.
त्याला काही करायचं नाही, नुसतं मोजायचं.
वहीत तो ‘तुलनेसाठी’,
ओसिमार त्याला ‘लाडका’ म्हणतो.

पत्र्यांवर पानं साचतात.
मी खराट्यानं ती टोपलीत भरते
आणि वाकून, पत्र्यांखाली जाऊन, पसरते.
डॉक्टर ग्लाउसियांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं :
चोरायचं ते फक्त पाणी.
सोळा वर्षं झाली,
इतकी प्रामाणिक चोरी साऱ्या पारा राज्यात कोणी केली नसेल.

सकाळी सातला खड्ड्यात उतरते. आठ पायऱ्यांची शिडी,
प्रत्येक पायरीशी भिंतीत खुपसलेली एक सळई.
बोटभर खोल : जमीन अर्धा अंश तापलेली.
तळाशी सव्वीस. कालही सव्वीस, पहिल्या वर्षीही सव्वीस,
जणू खाली अजून कोणी कळवलंच नाही.
ओलीला मात्र कळलं होतं.
ती दरसाल एकेक पायरी उतरत गेली,
आणि तिच्यामागे मुळं.
सहाव्या पायरीशी, लाल मातीत,
केसाएवढं एक पांढरं टोक.
गेल्या वर्षी ते नव्हतं.

लहान झाडं तगली. थोराड आधी गेली.
दोनशे बारा नंबरचा मासारांदुबा रात्री पडला
तेव्हा झोळीची दोरी थरथरली.
भावानं विचारलं, कशानं मेला?
म्हटलं, आम्ही मारला.
हळूहळू. मोजत मोजत.

मग ते साल आलं.
पाऊस वरूनच आला नाही.
ओढ्यात मासे कुशीवर झाले, नाव चिखलात रुतली,
मॅनिऑकच्या पिठाचं पोतं आणायला चार तासांची पायपीट.
पन्हळीत कोळ्यांनी जाळी विणली.
आणि कागदावर, सोळा वर्षं
सवतींसारख्या अंतर राखून चाललेल्या दोन रेषा
ऑक्टोबरात एकमेकींना टेकल्या.

ओसिमार पत्र्याखाली उभा राहून वर बघत म्हणाला,
काढूया का हे? आता अडवायचं काय?
रेडिओवर डॉक्टरांचा आवाज तुटत तुटत आला :
काढू नका. वाचत राहा.
मग बराच वेळ नुसती खरखर.

त्या दिवशी मी लाडक्याच्या खड्ड्यात उतरले.
सहाव्या पायरीशी टॉर्च धरला,
भिंतीवरून बोटं फिरवली.
भुसभुशीत, कोमट.
एकही मूळ नाही.
त्याला कधी गरजच पडली नव्हती.

वर येऊन वहीत लिहिलं :
सात वाजून चाळीस. पाऊस शून्य.
दोन्ही तुकडे वाचले.
पत्रे झाडले, पानं परत दिली.