नाड्या

मॅकॅलनच्या बस स्टँडवर
सिस्टर ओडिलिया नाव विचारत नाही,
आधी बूट बघते.
कोठडीत नाड्या काढून घेतात,
कुणी फास लावून घेऊ नये म्हणून.
सुटलेली माणसं पाय फरफटत येतात.

काल ऑस्टिनला सुनावणी. तीन मिनिटं.
बिशपांचं पत्र तिनं वाचलंच नाही,
पिशवी टेबलावर उपडी केली:
काळ्या, पांढऱ्या,
एक गुलाबी जोडी, चार वर्षांच्या पावलांची.
"या पुढच्या आठवड्याच्या.
गुडघे टेकूनच ओवते मी,
प्रार्थनेला वेगळी बसत नाही."
अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले,
हे नोंदीत कसं लिहायचं?

विधेयक मंजूर झालं.
परतताना मी गाडी चालवत होतो,
ती मागे, मांडीवरचा गुंता सोडवत.
रात्रीच्या बसने सतरा जण येणार होते.