असेल

मी 'असेल' म्हटलं होतं, साहेब.
पंचनाम्यात त्याचं 'होता' झालं.

उमरेडला त्या रात्री वीज नव्हती.
मी गच्चीवर, कंदील, सातवीचा भूगोल,
आणि खाली मन्साराम ठवकरांच्या गोदामामागून
एक सायकल गेली, चेन कुरकुरत.
चालवणारा वाकलेला.
गावात वाकून सायकल चालवणारे किती असतील?
मला एकच ठाऊक होता.

शालिक हेडाऊ. वाचनालयातला बाइंडर.
बोटांना खळीचा वास,
छातीत दमा, म्हणून पाठ तशी.
मला रहस्यकथा काढून द्यायचा नि बजावायचा,
शेवटचं पान आधी पाहू नको गा,
तिकडून वाचलं की सगळेच बिचारे दिसतात.

त्याच्या घरून जप्त केलं :
दाभण एक, कागद कापायची सुरी एक,
शिवायला आणलेल्या खुनाच्या कादंबऱ्या एकेचाळीस.
"एवढं खुनाचं वाचते माणूस," हवालदार म्हणाला,
"ते काय उगीच?"
गावाला पटलं.
पानठेल्यावर सुपारी कातरता कातरता
लोकांनी जखमासुद्धा मोजल्या.

सात महिने.
मग ठवकरांचा जावई भिवापूरच्या सोनाराकडे
सासऱ्याचा गोफ मोडताना सापडला,
आणि आपणच बोलला, रडत, मधेच चहा मागत.

शालिक नागपूरहून बसने आला.
स्टँडवर ओळखीचे पंधराएक जण.
सगळेच वेळापत्रक वाचू लागले,
त्यात न शिकलेला बाबूलालही.
वाचनालयाने नवा बाइंडर ठेवला होता.
बायकोने खिडकीच्या काचेला वर्तमानपत्र चिकटवलेलं,
ते त्याने तसंच राहू दिलं.

आता मी नागपूरच्या कोर्टात जबान्या टाइप करतो.
साक्षीदार 'असेल' म्हणाला की बोटं अडतात.
साहेब म्हणतात, पुढे घ्या.

परवा गेलो उमरेडला. अठरा वर्षांनी.
ओट्यावर बसून शाळेच्या वह्या शिवत होता,
पाठ आणखी वाकलेली.
मी काय बोलणार होतो ते बसमध्ये पाठ केलं होतं.
त्याने मान वर केली नाही.
"तुहं बयान वाचलं म्या जेलात.
भूगोलाचं पुस्तक होतं म्हणे हाती.
मंग? पास झाला का नाही?"

हो म्हटलं.
त्याने दोरा दातांनी तोडला
आणि पुढची वही घेतली.