चार सेकंदांचा वाटा

निवतीत उतरून विचारलं, चंद्रभागा तारींचं घर?
"गाणारी ती? की पोस्टाकडची?"
गाणारी. म्हणजे आता नसलेली.

मला तिचे चार सेकंद हवे होते.
जुनी कॅसेट, बी बाजू, तिसरं गाणं,
जिथे ती "ओढ गो" म्हणून श्वास घेते
आणि पुढची ओळ यायच्या आत
मागे कुणीतरी खोकतं.
सहा महिने लॅपटॉपवर ते चार सेकंद
गोल फिरत होते, भोवऱ्यात सापडलेल्या करवंटीसारखे.
मित्र म्हणाले, सूर थोडा चढव, कोण ओळखतंय?
मीच ओळखत होतो.

कॅसेट कंपनी कधीच बुडाली.
मालकाचा मुलगा कुडाळात टाइल्स विकतो,
त्यानं ड्रॉवरमधून शिक्का शोधला, फुंकर मारली, सही दिली:
ध्वनिमुद्रण आमचं, हरकत नाही.
गाणं मात्र रचणारणीचं. म्हणून ही वारस.

शेवंती वाळवणावर बांगडे उलटत होती.
हात न पुसता तिनं एकच इअरफोन घेतला.
चार सेकंद. परत चार सेकंद.
आईचा आवाज ऐकून ती रडेल
अशी तयारी मी करून आलो होतो.
ती म्हणाली, "खोकलो कोणाचो, म्हायत आसा?"

बाबल मोंडकरचा. ढोलकीवर तो होता.
"मगे तेचो वाटो खंय लिवलंस?"

मी कलम वाचून दाखवलं. गायिका, रचना, निर्माता.
खोकल्याला रकाना नव्हता.
"रापणीच्या दोरयेक जेना हात लावल्यान
तेका वाटो. होडयेचो, जाळ्याचो,
आणि वाटेन जाता जाता ओढून गेलो, तेचोय."

बाबल आता ठार बहिरा.
नातू कानात ओरडला, त्याला काही उमगेना.
मग त्यानं स्पीकरवर तळवा ठेवला,
डोळे बारीक केले,
आणि चौथ्या सेकंदाला हसला. "ह्यो मी."

नोटरीनं एक ओळ वाढवायचे शंभर घेतले.
"खोकला" त्याला कायदेशीर वाटेना,
त्यानं लिहिलं: अन्य ध्वनी.

गाणं आलं. तीन महिन्यांनी हिशेब आला,
सगळ्यांचे मिळून दोनशे सदतीस रुपये.
शेवंतीचा फोन. पैशांबद्दल अवाक्षर नाही.
"ढोल मोठो केलंस तू. आवशीक धाप लागता."
थोडं थांबून,
"बाबल मात्र बरो खोकता."