छेद

मोखोत्लोंगचा दवाखाना, जूनचं बर्फ,
रॉकेलच्या शेगडीभोवती आम्ही अकरा जणी,
आणि मासेरूहून आलेला सेआबाता,
वयानं माझ्या धाकट्याएवढा,
फळ्यावर एक आडवी रेघ ओढतो.
म्हणतो, वर अंश. खाली छेद.

छेद म्हटल्यावर मला आधी
ब्लँकेटला पडलेलं भोकच आठवलं.

वरचं मला पाठ होतं.
गेल्या वर्षी आमच्या खोऱ्यात
पहिला वाढदिवस न बघता गेलेली पोरं: सात.
नावं विचार, सांगते.
कोणाला कुठल्या रंगात गुंडाळलं, तेही.
सतरा वर्षं हेच लिहीत आले.

"सात. पण कितीतली?"
सात म्हणजे सात, मी म्हटलं,
त्यात आणखी किती कसली?
बाकीच्या हसल्या. तो हसला नाही.
टेबलावर सात काळे दाणे ठेवले घेवड्याचे,
शेजारी तीस पांढरे,
मग पिशवीच उलटी केली.
सात सातच राहिले
आणि तरी डोळ्यांदेखत लहान होत गेले.
मला त्याचा राग आला.
रात्रभर आला.

पण रेघेखाली लिहायला
माझ्या वहीत खरंच काही नव्हतं.
जी जगली
त्यांच्या घरून मला कधी बोलावणंच नव्हतं.

सप्टेंबरात वाट मोकळी झाली तशी
दिराचा घोडा मागून घेतला.
मात्सेपोनं दार उघडलं, मला पाहिलं,
हातातला डाव खाली पडला.
"कोण गेलं?"
कोणी नाही. मोजायला आलेय.
"आमच्याकडे तर सगळं ठीक आहे."
म्हणूनच.
चुलीपाशी तिचं पोर
कोपरापर्यंत मक्याच्या पेजेत.
एक खूण केली.
पलीकडे जुळी होती, दोन खुणा.
बाप म्हणाला, एकच कर,
दुसरा फार रडतो.

तीन आठवडे, दारामागून दार,
कुत्री, वारा, घोड्याचा एक नाल गेला.
काही घरांनी चहा दिला.
काहींना वाटलं, सरकार कर बसवतंय,
त्यांनी पोरं लपवली;
वाळत टाकलेल्या लंगोटांवरून
मी ओळखून परत गेले.
भागाकार मला अजून जमत नाही.
मोजणं जमतं.

शेवटचं घर कड्याखाली,
दारूविक्रीचा पांढरा झेंडा, विटलेला.
थाटोहात्सी म्हणाली,
आमचा पाच दिवसांचा होता.
नाव ठेवायचं राहिलं.
त्याला धरतात का?

आठवा. माझ्या वहीत नसलेला.
रेघेच्या वर खूण केली.
मग खाली एक.
"दोनदा का?"

गेला, म्हणून वर.
आला होता, म्हणून खाली.

ती बराच वेळ कागद बघत राहिली.
मग पेन्सिल मागून घेतली
आणि खालची खूण
जरा ठळक केली.