देरे मा

कुत्रा माझा नव्हे.
शेजारच्या इद्वल बेनननं वृद्धाश्रमात जाताना
पट्टा, वाडगा आणि अर्धं पोतं खाणं
माझ्या दारात आणून ठेवलं. म्हणाला, याचं नाव पेरो.
मी संध्याकाळपर्यंत त्याचा पेरू केला.
त्याची हरकत नव्हती.
त्याला तसंही ऐकू येत नाही.

पूर्वी यायचं. तेव्हा त्याला वेल्श कळायचं, फक्त वेल्श.
इद्वल कुंपणावरून हाक मारायचा: देरे मा!
म्हणजे, ये इकडे.
फोडणी टाकता टाकता मला ऐकू यायचं, दे रे, मा...
आणि हात थबकायचा.
कोण मागतंय, काय मागतंय,
इतक्या लांब, नीथच्या खोऱ्यात,
माझ्या भाषेत?

आता आमची भाषा हातांची.
मांडीवर दोन थापा: चल.
उघडा पंजा: थांब.
बंद मूठ: आहे काहीतरी.
चौथा शब्द अजून लागला नाही.

आज औषधांच्या दुकानाला सुट्टी.
पेंडेरिनच्या चर्चपाशी गाडी लावली.
धबधब्याचं नाव स्गूद उर एय्रा,
तोंडात गरम बटाटा धरून म्हणावं असं.
अर्थ मात्र सोपा, हिमाचा धबधबा.

माळ. मेंढ्यांच्या लेंड्या. फाटकाची गंजकी कडी
जी उचलून मग ढकलावी लागते.
आणि एकदम खाली कोसळणाऱ्या पायऱ्या.
एकशे किती ते मोजायला घेतलं,
पण माझा गुडघा आणि त्याचं कंबरडं
आळीपाळीनं हिशेब चुकवत राहिले.

मनात म्हणत होते, याला काय दिसणार?
आवाज बंद केलेला टीव्ही.
पांढरं काहीतरी पडतंय, पडतंय.
उगाच आणलं.

तर हाच थांबला. मला काही ऐकू येण्याआधी.
चारही पाय खडकावर रोवून,
मान खाली, जणू तळव्यांना कोणी काही सांगतंय.
मी बूट काढला, मोजा काढला, ओल्या दगडावर पाऊल टेकलं.
गार. नुसतं गार.
मग हळूहळू,
पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर पाय ठेवावा
तशी घरघर, बारीक, हाडापर्यंत.

पाण्याच्या मागून वाट आहे.
म्हणे मेंढपाळ कळप याच वाटेनं पलीकडे न्यायचे.
पेरूला हे कुणी सांगितलं नसावं,
पण त्यानं माझ्या पोटरीला नाक लावलं
आणि मला हाकत नेलं,
एकुलती एक मेंढी, चष्मेवाली, हातात मोजा.

आत गेल्यावर माझेही कान गेले.
समोर पाण्याची भिंत, पाठीशी निथळणारा दगड,
मध्ये आम्ही, दोघे सारखेच.
चष्मा पुसून काही उपयोग नव्हता.
मी ओरडले, देरे मा!
आयुष्यात पहिल्यांदाच, माझ्या तोंडानं.
मलाच ऐकू आलं नाही,
तेव्हा वेल्शमध्ये म्हटलं की मराठीत
ते आता कोण ठरवणार.
मागितलं की बोलावलं, तेही.

तो आला.
ओठ वाचले असतील.
किंवा मूठ बंद होती माझी, थंडीनं,
त्यामुळे गैरसमज झाला असेल.
मूठ उघडून दाखवली. काही नव्हतं.
त्यानं तरीही चाटली,
आणि अंग झटकून धबधब्यातून वाचलेली माझी एक बाही
तीही भिजवली.

वर चढताना दर पंधरा पायऱ्यांवर तो बसला.
मीही बसले. कुणी कुणासाठी, ते राहू दे.
डब्यातल्या दशमीचे तीन तुकडे त्याला, एक मला.
खाली उतरणारं एक जोडपं थांबलं,
बाईचे ओठ हलले. अजून किती लांब, असंच काहीतरी.
कानात अजून पाणी पडत होतं.
मी सवयीनं पंजा उघडला.

ती दोघं
गुमान थांबली.